गाळा कोणी द्यायचा? फिलिपिन्सच्या मंडयांमधला एक न संपणारा खटला

१९ ऑगस्ट १९८८ रोजी मनिला महानगराच्या दक्षिण टोकावरील मुंतिनलुपाचे महापौर इग्नासियो बुन्ये हे नगरपालिकेतले सहकारी आणि फिलिपिन कॉन्स्टॅब्युलरीचे शिपाई बरोबर घेऊन आलाबांगच्या नव्या मंडईत आले. गाळेधारकांसमोर आणि बाजारहाटाला आलेल्या लोकांसमोर त्यांनी जाहीर केले की मंडईचा कारभार आजपासून नगरपालिकेने हाती घेतला आहे, गाळ्यांचे पैसे यापुढे नगरपालिकेकडेच भरायचे. तोवर हे पैसे विक्रेत्यांचीच सहकारी संस्था गोळा करत होती आणि तिच्या हातात पंचवीस वर्षांचा लेखी करार होता. त्या एका दिवसातून निघालेले वाद माकातीच्या न्यायालयात गेले, अपील न्यायालयात गेले, लोकपालाकडे गेले, कृषिखात्यात गेले, भ्रष्टाचाराचे खटले चालवणाऱ्या सांदिगानबायान या विशेष न्यायालयात गेले आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत तर एकाहून अधिक वेळा पोचले. त्यातला फौजदारी भाग १९९९ साली संपला.

मासळीचे ओटे, भाजीचे गाळे, सुक्या मिरच्या आणि तांदळाची पोती ठेवण्यापुरत्या चार-सहा हातांच्या जागा. त्यांच्यापायी एका देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा लेखणी उचलावी याचे प्रथमदर्शनी आश्चर्य वाटते. पण फिलिपिन्सच्या न्यायनिवाड्यांत मंडईचा गाळा हा विषय जवळजवळ प्रत्येक पिढीत आलेला आहे. ते निवाडे एकामागून एक वाचले की लक्षात येते, भांडण इमारतीवरून क्वचितच होते. ते होते यादीवरून. मंडई जळते, पाडली जाते, नवी उभी राहते आणि नव्या मंडईत कोण कुठे बसणार याची यादी करायची वेळ येते. ही यादी करण्याचा अधिकार ज्याच्याकडे, मंडई खऱ्या अर्थाने त्याची.

फिलिपिन्समध्ये सार्वजनिक मंडईला ‘पालेंके’ म्हणतात. गावोगावी ती नगरपालिकेच्या मालकीची असते. ओल्या मालाचा विभाग वेगळा, सुक्या मालाचा वेगळा. मासळी, मांस, भाजी, तांदूळ, कापड, खानावळी अशी आखणी ठरलेली. मॉल आणि सुपरमार्केट येऊनही रोजचा बाजार तिथेच करणारी माणसे अजून पुष्कळ आहेत. नेहमीच्या गिऱ्हाइकाला आणि नेहमीच्या विक्रेत्यालाही तिथे ‘सुकी’ असा एकच शब्द आहे. सुकी उधारीवर माल देते, चांगला तुकडा बाजूला काढून ठेवते, भाव सांगताना हात सैल सोडते. हे नाते बरेचसे जागेशी बांधलेले असते. आजीला माहीत असते की जिन्याजवळच्या तिसऱ्या ओट्यावर आपली मासळीवाली बसते. तो ओटा हलला की निम्मी गिऱ्हाइके वाटेतच दुसऱ्याची होतात. म्हणून नगरपालिकेचे भाडे थोडे असले तरी गाळ्याची खरी किंमत मोठी असते. नियम पोटभाडेकरू ठेवायला आणि गाळा परस्पर दुसऱ्याला द्यायला मनाई करतात, तरीही ‘हक्क’ विकले जातात. आपल्याकडे ज्याला पागडी म्हणतात तोच हा व्यवहार. कागदावर जी गोष्ट कोणाच्याही मालकीची नाही तिला बाजारात भाव असतो, आणि इथूनच न्यायालयाची पायरी सुरू होते.

मुंतिनलुपाच्या प्रकरणाकडे जरा सविस्तर पाहायला हवे, कारण गाळ्यांवर हक्क सांगू शकणारे जवळजवळ सगळे दावेदार त्या एका प्रकरणात हजर आहेत.

२ सप्टेंबर १९८५ रोजी, म्हणजे फर्डिनांड मार्कोस यांची सत्ता जाण्याच्या काही महिने आधी, तेव्हाचे महापौर सांतियागो कार्लोस यांनी नव्या मंडईतल्या विक्रेत्यांच्या सहकारी संस्थेशी करार केला. संस्था मार्कोस यांच्याच काळातल्या सहकारविषयक हुकुमाखाली नोंदलेली होती आणि तिचे सभासद त्या मंडईत बसणारे विक्रेतेच होते. मंडईचे व्यवस्थापन संस्थेने करायचे, मुदत पंचवीस वर्षे, तेवढ्याच काळासाठी नूतनीकरणाची सोय, नगरपालिकेला महिना ३५,००० पेसो, आणि पहिली पाच वर्षे त्यात दरवर्षी दहा टक्के वाढ. विक्रेत्यांनी आपली मंडई आपण चालवायची, ही कल्पना मला आजही मोहक वाटते. गाळ्यावर बसणाऱ्या बाईला गटार कुठे तुंबते, बर्फ कधी संपतो, कोण भाडे थकवतो हे कोणत्याही कारकुनापेक्षा चांगले कळते.

फेब्रुवारी १९८६ मध्ये मार्कोस देश सोडून गेले. कोराझोन आकिनो यांच्या सरकारने गावोगावचे महापौर बदलले. मुंतिनलुपात बुन्ये आले. त्यांनी करार पाहिला आणि त्यांना दोन गोष्टी खटकल्या. पंचवीस अधिक पंचवीस म्हणजे प्रत्यक्षात पन्नास वर्षे. तेव्हाच्या स्थानिक शासन कायद्यात एवढी मुदत बसत नाही, हा त्यांचा पहिला मुद्दा. ठरलेली रक्कम नगरपालिकेवर उघड अन्याय करणारी आहे, हा दुसरा. त्यांनी लेखापरीक्षण आयोगाचे आणि मनिला महानगर आयोगाचे मत मागवले. दोघांनीही करार रद्द करण्यासाठी योग्य ती कायदेशीर पावले उचला असे कळवले. १ ऑगस्ट १९८८ रोजी नगरपरिषदेने ठराव क्रमांक ४५ करून करार मोडीत काढला. अठरा दिवसांनी शिपायांसह मंडईवर ताबा सांगण्यात आला.

कायदेशीर पावले उचला, असा सल्ला होता. संस्थेचा सगळा रोष या एका मुद्द्यावर होता. दोन पक्षांनी सही केलेला करार एका पक्षाला नकोसा झाला तर त्याने न्यायालयात जावे की ठराव करून कुलूप बदलावे? संस्थेने २२ ऑगस्टला माकातीच्या न्यायालयात करारभंगाचा दावा लावला आणि मनाई हुकूम मागितला. तो मिळाला नाही. २६ ऑगस्टला लोकपालाकडे तक्रार गेली. संस्थेचे पदाधिकारी मंडईतल्या आपल्या कार्यालयात ठाण मांडून बसले आणि ताबा अर्धवट राहिला.

मग एक अनपेक्षित दावेदार पुढे आला. सहकारी संस्थांवर देखरेख कृषिखात्याची होती. २८ ऑक्टोबर १९८८ रोजी कृषिमंत्री कार्लोस डोमिंगेझ यांनी हुकूम काढून संस्थेचे निवडून आलेले संचालक मंडळ बाजूला सारले आणि तिचा कारभार एका व्यवस्थापन समितीकडे दिला. हुकूम निघाला आणि लगेच अंमलातही आला. मंडईचा वाद आता असा झाला की नगरपालिका म्हणते मंडई माझी, संस्था म्हणते करार माझा, आणि कृषिमंत्री म्हणतात संस्थाच माझ्या ताब्यात.

१३ जानेवारी १९९२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कृषिमंत्र्यांचा हुकूम रद्द केला. निकाल न्यायमूर्ती हिलारियो दाविदे यांनी लिहिला. पुढे ते देशाचे सरन्यायाधीश झाले. देखरेख ठेवणे आणि सभासदांनी निवडलेले मंडळ सरसकट काढून टाकणे या वेगळ्या गोष्टी आहेत, असा त्या निकालाचा गाभा होता. संचालकांना काढायचे असेल तर तो अधिकार सभासदांचा, तोही त्यांना आपली बाजू मांडण्याची संधी देऊन. कायद्याने मंत्र्याला जे दिलेले नाही ते देखरेखीच्या नावाखाली घेता येत नाही. हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. मंडईतल्या विक्रेत्यांच्या संस्थेलाही एखाद्या मोठ्या कंपनीइतकाच कायद्याचा आधार आहे, हे त्यात स्पष्ट शब्दांत आले. पण त्याने फक्त संस्था संचालकांना परत मिळाली. मंडईचे काय हा प्रश्न वेगळ्या खटल्यात राहिला. बुन्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर मंडई बळकावल्याबद्दल भ्रष्टाचारविरोधी कायद्याखाली खटला चालला, सांदिगानबायानने त्यांना दोषी ठरवले आणि मे १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची सुटका केली. तोवर मुंतिनलुपा नगरपालिकेचे शहर झाले होते आणि पंचवीस वर्षांच्या त्या कराराची निम्म्याहून जास्त मुदत उलटली होती, त्यातली बहुतेक भांडणातच.

एवढा वाद होण्याचे कारण समजायला थोडे मागे जावे लागते.

४ जुलै १९४६ रोजी फिलिपिन्स स्वतंत्र झाला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, १ ऑक्टोबरला, प्रजासत्ताक कायदा क्रमांक ३७ लागू झाला. त्याचा विषय सार्वजनिक मंडईतले गाळे. गाळे भाड्याने देताना फिलिपिनो नागरिकांना अग्रक्रम द्यायचा, एवढे त्याचे सार. मनिला युद्धात बेचिराख झाले होते, लाखो माणसांच्या डोक्यावर छप्पर नव्हते, आणि अशा वेळी नव्या राष्ट्राच्या संसदेने सगळ्यात आधी केलेल्या कायद्यांत मंडईच्या गाळ्यांचा कायदा होता. गाळा म्हणजे नेमके काय, हे यावरून कळते. किरकोळ व्यापारात चिनी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या होती; मनिलाच्या मंडयांतले पुष्कळ गाळे त्यांच्याकडे होते. अर्थखात्याने या कायद्याखाली नियम काढले आणि परदेशी नागरिकांना गाळे सोडायला सांगितले. चिनी गाळेधारक न्यायालयात गेले. आपण भाडे भरतो, परवाना आहे, वर्षानुवर्षे बसतो, मग नागरिकत्वावरून आपल्याला उठवता येईल का, असा त्यांचा सवाल होता. ३१ मार्च १९४९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. सार्वजनिक मंडई ही लोकोपयोगी सेवा आहे आणि अशा सेवांतले हक्क नागरिकांसाठी राखण्याची मुभा १९३५ च्या राज्यघटनेत आहे, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

ज्यांचे गाळे गेले त्यांच्या बाजूने पाहिले तर हा निकाल कठोर आहे. गाळ्याच्या मागे एका माणसाचे आयुष्य उभे असते आणि ते एका कलमाने उठवता आले. पण पुढच्या सगळ्या खटल्यांचा पाया त्यात घातला गेला. मंडई ही साधी जमीन-इमारत नाही, लोकांसाठी चालणारी सेवा आहे. म्हणून गाळेधारक हा साधा भाडेकरू नाही. हे एकदा मान्य केले की गाळा देण्याचा, काढून घेण्याचा, नव्याने वाटण्याचा अधिकार सार्वजनिक सत्तेकडे जातो. राहतो तो एवढाच प्रश्न की सत्तेतल्या कोणाकडे, आणि कोणत्या मर्यादेत.

मर्यादा किती घट्ट असू शकते हे पांपांगा प्रांतातल्या सान फर्नांडोच्या प्रकरणात दिसते. तिथल्या मंडईलगत बारा मीटर रुंद आणि सत्याहत्तर मीटर लांब अशी एक पट्टी होती. ७ नोव्हेंबर १९६१ रोजी नगरपरिषदेने ठराव करून व्यापाऱ्यांच्या एका संघटनेच्या चोवीस सभासदांना त्या पट्टीवर पक्के गाळे बांधायची परवानगी दिली. अशा फुटकळ बाजाराला तिथे ‘तालिपापा’ म्हणतात. विरोध झाला, खटला उभा राहिला. तो चालू असतानाच १९६४ मध्ये परिषदेने ती जागा वाहनतळ आणि सार्वजनिक चौक म्हणून जाहीर केली. २ नोव्हेंबर १९६८ रोजी न्यायालयाने निकाल दिला की जागा सार्वजनिक आहे, ती कोणाला भाड्याने देताच येत नाही.

निकाल लागला आणि काहीच झाले नाही. गाळे तसेच राहिले, उलट वाढले. घाण साठली, रहदारी अडली, आग लागली तर बंब आत शिरणार नाही अशी अवस्था झाली. तेरा वर्षांनी, जानेवारी १९८२ मध्ये, गावातल्या नागरिकांच्या आणि ग्राहकांच्या संघटनेने अर्ज केला की १९६४ चा तो ठराव आता तरी अंमलात आणा. जूनमध्ये गाळे पाडण्याचा हुकूम निघाला. गाळेधारक न्यायालयात गेले आणि भाडेकरार दाखवू लागले. २१ सप्टेंबर १९८७ रोजी न्यायमूर्ती इसागानी क्रूझ यांनी लिहिलेल्या निकालाने त्यांचा दावा फेटाळला. सार्वजनिक चौक व्यवहाराच्या बाहेरची वस्तू आहे. जी गोष्ट देण्याचा अधिकार नगरपरिषदेलाही नाही ती तिने दिली म्हणून घेणाऱ्याची होत नाही. भाडेकरार खरे धरले तरी लोकहितासाठी ते मोडता येतात, असेही न्यायालयाने सांगितले.

या निकालात एक दुःख आहे आणि त्याकडे डोळेझाक करता येत नाही. त्या चोवीस जणांनी आणि त्यांच्या मागून आलेल्यांनी जागा चोरलेली नव्हती. निवडून आलेल्या परिषदेच्या ठरावावर विसंबून त्यांनी पैसे घातले होते. अधिकार नसताना गाळे वाटणाऱ्याला काही भोगावे लागले नाही. भोगले ते घेणाऱ्याने.

आता या लेखाच्या मुख्य प्रश्नाकडे येऊ. मंडई जळाली किंवा पाडली, नवी बांधली, तर जुन्या गाळेधारकाचा हक्क उरतो का?

फिलिपिन्सच्या दिवाणी संहितेचे कलम १६५५ सांगते की भाड्याची वस्तू दैवी आपत्तीने पूर्ण नष्ट झाली तर भाडेकरार संपतो. म्हणजे साध्या भाडेकरूचाही हक्क आगीबरोबर जातो. मंडईच्या गाळेधारकाचे तर बोलायलाच नको. आपल्याकडचा कायदा इथे अगदी वेगळ्या दिशेने गेला आहे, आणि ज्या खटल्यात तो गेला तो आपल्या सांगलीचा आहे. महानगरपालिकेने मोडकळीला आलेली इमारत पाडली. मालक म्हणाला इमारत गेली, भाडेकरूही गेले. २०१४ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की भाड्याने दिलेल्या इमारतीत तिच्याखालची जमीनही येते, म्हणून केवळ भिंती पडल्याने भाडेकरूपण संपत नाही. दुकान जळाल्यावर भाडेकरूचा हक्क संपतो असे ठरवणारा केरळमधला २००१ चा निकाल त्या वेळी बाजूला ठेवला गेला. हा निकाल खाजगी मालक आणि भाडेकरू यांच्यातला आहे. नगरपालिकेचा गाळा पुष्कळदा भाडेपट्ट्याने नसून नुसत्या परवान्याने दिलेला असतो, त्याला हा निकाल आपोआप लागू पडत नाही. तरी दोन देशांच्या कायद्यांतला हा फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे. एका ठिकाणी आग हक्क जाळते, दुसऱ्या ठिकाणी हक्क जमिनीला चिकटून राहतो.

मनिलाजवळच्या पासिगमध्ये आग लागली नव्हती. १९९३ मध्ये तिथल्या नगरपालिकेने मंडईचे नूतनीकरण केले, शेजारी जोडइमारत उभारली आणि सगळ्या गाळेधारकांना नव्याने अर्ज भरायला सांगितले. काही जणांनी नकार दिला. आमचे जुने करार आहेत, आम्ही बसलेलेच आहोत, अर्ज कशाला? बाहेरून पाहणाऱ्याला हा हट्ट वाटेल. पण अर्ज भरणे म्हणजे आपण नवे उमेदवार आहोत हे कबूल करणे. एकदा ते कबूल केले की निवड करण्याचा अधिकार दुसऱ्याचा झाला आणि नाकारण्याचाही. हे त्या विक्रेत्यांनी बरोबर ओळखले होते. खटला तेरा वर्षे चालला. नोव्हेंबर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नगरपालिकेच्या बाजूने कौल दिला: सार्वजनिक मंडईतला गाळा हा मालमत्तेचा हक्क होत नाही, ती नियमांच्या अधीन असलेली सवलत आहे, मंडईचा कारभार नीट चालावा म्हणून अर्ज मागणे हे नगरपालिकेच्या अधिकारातले आहे.

कायद्याच्या दृष्टीने निकाल बिनचूक असेल. माझी हरकत वेगळी आहे. सवलत म्हटले की ती देणाऱ्याच्या मर्जीवर आली, असा अर्थ लगेच काढला जातो. पण सवलतही नियमाने द्यावी लागते, आणि तो नियम फिलिपिन्सच्या गावोगावच्या मंडई-नियमावलीत फार नेटका आहे. गाळा मोकळा झाला किंवा नवा बांधला गेला की दहा दिवस आधी नोटीस लावायची, ती त्या गाळ्यावर आणि मंडईच्या सूचनाफलकावर. अर्ज घ्यायचे. अर्जदार अनेक असतील तर मंडई समितीसमोर उघड सोडत काढायची. समितीत नगरपालिकेचा खजिनदार, परिषदेचा प्रतिनिधी, आणि विक्रेत्यांचाही प्रतिनिधी. चिठ्ठी निघेल त्याचा गाळा. ही पद्धत मला कौतुकाची वाटते. तिला ओळखपाळख कळत नाही.

पेच पडतो तो पुनर्बांधणीच्या वेळी. नव्या इमारतीतला प्रत्येक गाळा ‘नवा बांधलेला’ आहे. नियम शब्दशः लावला तर तीस वर्षे मासळी विकणारी बाई आणि काल गावात आलेला माणूस एकाच मडक्यात चिठ्ठी टाकणार. नियम सोडला तर जुन्यांना आपोआप गाळे द्यावे लागणार. मग जुने म्हणजे कोण? नोंदवहीत नाव आहे तो, की गेली दहा वर्षे त्याच्याकडून हक्क विकत घेऊन प्रत्यक्ष बसते ती? नोंदवहीतला माणूस मेला असेल तर त्याची बायको की मुलगा? ज्याच्या नावावर तीन गाळे होते त्याला तीन की एक? आणि ओट्यावर कधीच नाव न लागलेल्या, मंडईच्या दारात पाट्या घेऊन बसणाऱ्या बायका कुठल्या यादीत? तोडगा बहुधा असा निघतो की जुन्यांना नव्या मंडईत जागा पक्की, पण कुठला गाळा ते विभागवार सोडतीने. यात न्याय आहे. पण खरी लढाई सोडतीच्या आधी, आखणीच्या टेबलावर होऊन गेलेली असते. तळमजल्यावर किती गाळे, वरच्या मजल्यावर कोणते विभाग, जिना कुठे, मालाची गाडी कुठून येणार? भाजी घ्यायला गिऱ्हाईक जिना चढत नाही, हे पुण्यापासून मनिलापर्यंत प्रत्येक विक्रेत्याला ठाऊक आहे. वरच्या मजल्यावर गाळा देणे हे कागदावर पुनर्वसन असते आणि प्रत्यक्षात धंदा बंद करणे.

यादीचा अधिकार एका माणसाच्या हातात गेला तर काय होते, याचे उदाहरण शोधायला फिलिपिन्सला जायची गरज नाही. दिल्लीत केंद्र सरकारच्या मालकीचे गाळे आणि स्टॉल नगरविकास मंत्र्यांच्या अखत्यारीत वाटले जात. मंत्री शीला कौल यांनी त्यांतले सहा गाळे आपले नातेवाईक, घरच्यांचे नोकर आणि स्नेही यांना दिल्याचे सर्वोच्च न्यायालयासमोर आले. १९९६ मध्ये न्यायालयाने ती वाटपे रद्द केली आणि मंत्र्यांनी साठ लाख रुपये भरपाई स्वतःच्या खिशातून द्यावी असा हुकूम केला. ती रक्कम पुढे माफ झाली, पण तत्त्व राहिले: सरकारी गाळा वाटणारा माणूस लोकांचा विश्वस्त असतो. हे तत्त्व मुळात मुंबईतल्या एका प्रकरणातून पक्के झाले होते. सांताक्रूझ विमानतळावरच्या उपाहारगृहाचे कंत्राट अटीत न बसणाऱ्या माणसाला दिले गेले. १९७९ च्या निकालात न्यायमूर्ती भगवती यांनी सांगितले की सरकार आपणच जाहीर केलेल्या अटी आपल्याच मर्जीने मोडू शकत नाही.

फिलिपिन्समध्ये आज उत्तर कागदावर तरी स्पष्ट आहे. १९९१ च्या स्थानिक शासन संहितेने सार्वजनिक मंडई ही स्थानिक संस्थेची जबाबदारी ठरवली. महापौराला परिषदेच्या पूर्वपरवानगीवाचून करार करता येत नाही. म्हणजे यादी करायची ती परिषदेने केलेल्या नियमांनी. मंत्र्याने नाही, महापौराने एकट्याने नाही. पण त्याच सुमाराला एक नवा दावेदार आला. ‘बांधा, चालवा, हस्तांतरित करा’ हा कायदा १९९० मध्ये झाला आणि मंडया बांधायला खाजगी विकासक येऊ लागले. पैसा त्याचा, मग वसुली त्याची, मग गाळे कोणाला आणि किती भाड्याने हेही त्यानेच ठरवायचे, असा हा ओघ आहे. इमारत बांधण्याचे काम खाजगी हातात देता येईल. गाळे वाटणे हा सार्वजनिक अधिकार आहे, तो सिमेंटच्या बिलाबरोबर देऊन टाकता येत नाही, असे माझे ठाम मत आहे. १९४९ पासून न्यायालये मंडईला लोकोपयोगी सेवा म्हणत आली आहेत. ते शब्द गाळेधारकाला उठवताना वापरले गेले, तर विकासकाला आवरतानाही वापरलेच पाहिजेत.

आपल्याकडे राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात ‘बाजार आणि जत्रा’ हा राज्याचा विषय आहे. अकराव्या परिशिष्टाने तो पंचायतींकडे सोपवता येण्याजोगा ठरवला. शहरांसाठीच्या बाराव्या परिशिष्टात कत्तलखाने आहेत, वाहनतळ आहेत, कोंडवाडे आहेत. मंडई मात्र शब्दाने नाही. महापालिकांचे अधिकार त्यांच्या त्यांच्या कायद्यांतून येतात. त्यामुळे महापालिका, राज्य सरकारचे महामंडळ आणि विकासक असे तिघे एकाच मंडईत उतरले की यादी कोणाची हा प्रश्न आपल्याकडेही उभा राहतो.

तुमच्या गावच्या मंडईचे पाडकाम निघाले तर नव्या इमारतीचे रंगीत चित्र पाहण्याआधी नगरपालिकेकडे एक कागद मागा: पाडण्याच्या आदल्या दिवशी कोण कोणत्या ओट्यावर बसत होते त्याची, दारात पाटी घेऊन बसणाऱ्या बायकांसकट, सही-शिक्क्याची यादी. ती तयार नसेल तर ती होईपर्यंत हातोडा पडू देऊ नका, आणि तयार असेल तर माहितीच्या अधिकारात तिची प्रत काढून विक्रेत्यांच्या हातात ठेवा.